जगायला गेलेला नवशा

लाइट काही तासाभरात येत नाही, तोवर ऐका. भाग्येश, तो मोबाइलचा उजेड बंद कर. आपल्या सरावलीच्या चाळीत भांडी घासायला लाडकी यायची, मासवणकडची. तिच्यावर गुदरलेली ही गोष्ट. खोटं वाटलं तर तिलाच विचारा.

गेल्या सालची, होळीची आदली रात्र. तिच्या पाड्यातली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर कामाला जातात. त्याला ती ‘जगायला जाणं’ म्हणतात. होळीला मात्र झाडून सगळी घरी. लाडकीचा नवरा नवशाही असाच गेला होता. त्याचा दोस्त देवू, ट्रॅक्टरवाला, तसं तिला सांगून गेला होता, “भिवंडीला भट्टीवर गेलाय. होळीला येल.” तिनं दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. देवू आणि नवशा एका ताटात जेवणारे.

त्याआधी दोघं मिळून नदीवरच्या हायवेच्या पुलाखालून रेती-गोटे भरायचे, चोरून. खांबाजवळचा माल चांगला, म्हणून खांबाचाच पाया उकरायचे. आणि तो माल जायचा कुठं, तर नव्या रस्त्याला. ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, दुसरं काय. नवशाच्या हाताला फोड यायचे, म्हणून लाडकीनं त्याच्या फावड्याच्या दांड्याला आपल्या लाल लुगड्याची पट्टी बांधून दिली होती.

तर त्या रात्री ती नवऱ्याला घ्यायला पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. चांदणं पडलं होतं. टेम्पो येत होते, माणसं उतरून हसत-खिदळत पाड्याकडे जात होती. शेवटचा टेम्पो अकराला आला. त्यातही नवशा नव्हता.

ती परत फिरली. तेवढ्यात पावलं वाजली. रस्त्यावर नाही. पुलाखाली.

“लाडके…”

आवाज त्याचाच. उघड्या पडलेल्या खांबापाशी उभा होता. अंगावरून पाणी गळत होतं.

“खालून कसा आलास? भट्टीवरून चालत?”

“मी गेलोच नाय.”

“देवू तर बोलला…”

“देवू वर उभा होता. मी खांबाखाली. दरड कोसळली. कंबरेपर्यंत… मग गळ्यापर्यंत. त्याला हाका मारल्या.”

“मग?”

…

“त्यानं ट्रॅक्टर चालू केला.”

वरून ट्रक गेला. पूल हादरला. तिनं वर पाहिलं. परत खाली पाहिलं. खांब होता. खड्डा होता. माणूस नव्हता.

लाडकी ओरडली नाही. सरळ देवूच्या दारात गेली. तो खाटेवर पडला होता.

“नवशा आलाय,” एवढंच म्हणाली.

पोरांनो, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आला का, कुठाय. देवू पांढराफटक पडला.

“तो कसा येल?”

…

“तुज्यावर भरवसा ठेवला, देवू,” लाडकी म्हणाली. “तुजी पोरं माज्या चुलीवर जेवली. आणि तू मला होळीची वाट बघायला लावलीस.” असा घाव तिला नदीनंही घातला नव्हता.

सकाळी लोकांनी खांबाखाली उकरलं. नवशा तिथंच होता. फावडं मात्र सापडलं नाही. पूल त्याच दिवशी बंद केला, खांब नुसता लटकत होता.

देवूचा ट्रॅक्टर दिवाळीपासून त्याच्या अंगणात उभा. टायर बसलेले, ट्रॉलीत वाळकं गवत. रात्री लाडकीनं तसाच पाहिला होता. सकाळी त्या ट्रॉलीत काठोकाठ ओले गोटे. पाणी गळत होतं. वर फावडं रोवलेलं…

दांड्याला लाल पट्टी. गाठ लाडकीच्या हातची.