कापलेले श्वास

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? विहंग माझा सख्खा मावसभाऊ. भुताखेतांचं नाव काढलं की खो खो हसणारा माणूस. आता हसत नाही.

तारीख एकवीस मे २०२४, मंगळवार. दुपारचे अडीच वाजले होते.

हो, दुपारचेच. मे महिन्यातली नागपूरची दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. धरमपेठेतल्या विहंगच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

विहंगचं काम आवाज साफ करायचं. जाहिराती, मुलाखती, पुढाऱ्यांची भाषणं. घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ. या धंद्यात एक सवय लागते. बोलणाऱ्याचा श्वास ऐकू आला की तो कापायचा. दोन वाक्यांमधला श्वास म्हणजे यांच्या लेखी कचरा. विहंग तर डोळे मिटून कापायचा.

त्या दिवशी त्याच्यासमोर कामठीच्या नागसेन वाहाणेंचा सॅक्सोफोन होता, कॅसेटवरचा.

वाहाणे जाऊन दोन वर्षं झाली होती. अफाट वाजवणारा आणि तितकाच खडूस माणूस. छावणीतल्या एका निवृत्त बँडमास्तरकडे शिकला. वरातीत वाजवलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं, चौदा एप्रिलला भीमगीतं वाजवली, नाताळात चर्चमध्ये वाजवलं. मग कलकत्त्याच्या हॉटेलांत सहा वर्षं जॅझ. परतला तो जॅझमध्ये भैरवी मिसळूनच. कोणी खोकलं तर वाजवणं थांबवून शिव्या घालायचा. स्वतःच्या नावाची रेकॉर्ड मात्र जन्मात निघाली नाही. कायम कोणाच्या तरी नावापुढच्या 'आणि पार्टी'त.

म्हणून त्यांच्या मुलीने, प्रीतीने, घरातल्या जुन्या कॅसेटी गोळा केल्या. निवडक बारा तुकड्यांचा संग्रह करून बुद्धपौर्णिमेला इंटरनेटवर टाकायचा होता. दोनच दिवस उरले होते.

कॅसेटी देताना ती म्हणाली होती, "दादा, बाबाचं काही कापू नका. लहानपणी मी त्यांच्या कॅसेटवर माहा आवाज भरला होता, तं वर्षभर बोलले नाही मले."

विहंगला वाटलं, ती सुरांबद्दल बोलते आहे. सूर कोण कापतंय?

त्याने श्वास कापले.

तीन दिवसांत तीनशे अकरा. शेवटचा मोठा होता, चार सेकंदांचा, शेवटच्या सुराच्या आधीचा. तो त्या मंगळवारी कापला आणि विहंगने खुशीत आळस दिला.

बाजूच्या खोलीत त्याची पाच वर्षांची मुलगी, गार्गी, झोपली होती. बायको ऑफिसात. घरात दोघंच.

आणि लाइट गेले.

कूलर थांबला. संगणक बंद पडला. घर एकदम गप्प झालं.

मग...

श्वास ऐकू आला.

ओठ आवळून, तोंडाच्या कडांमधून ओढलेला. फुंकून वाजवणारा माणूस घेतो तसा. बंद पडलेल्या स्पीकरमधून.

विहंगने तिकडे पाहिलंही नाही. कारण त्याच क्षणी त्याच्या दुसरीच गोष्ट लक्षात आली होती.

गार्गीला सर्दी होती. सकाळपासून तिचं नाक वाजत होतं.

आता वाजत नव्हतं.

तो धावला. पोरगी उताणी झोपलेली. डोळे मिटलेले. छाती हलत नव्हती.

एक... दोन... तीन... चार...

मग तिने दचकून श्वास घेतला. विहंगच्या जिवात जीव आला. तेवढ्यात परत थांबला. परत चार सेकंद.

मागून, त्या बंद स्पीकरमधून, घोगरा आवाज आला.

"माहा दम काहून कापला बे?"

विहंगने पोरीला उचललं आणि तसाच अनवाणी बाहेर पळाला. धंतोलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला मशीन लावलं. सगळं ठीक. डॉक्टरांसमोर ती नीट श्वास घेत होती. परत येताना ऑटोत सहा वेळा तिचा श्वास थांबला.

ओठ निळसर दिसायला लागले होते.

"पप्पा, तो काका माझ्या छातीवर हात ठेवून राहिला," ती म्हणाली.

विहंगला रडू फुटलं. मला सांगतानाही फुटलं.

घरी लाइट आले होते. संगणकात श्वास काढून टाकलेलंच तेवढं जपून ठेवलेलं, मागे जायचा रस्ता नाही. गार्गीला मांडीवर घेऊन त्याने सगळ्या कॅसेटी पुन्हा लावल्या. एकेक श्वास शोधायचा, जागेवर ठेवायचा. वीस ठेवले, तिचं थांबणं कमी झालं. शंभर ठेवले, ओठ गुलाबी झाले. तीनशे दहा झाले तेव्हा दिवेलागण झाली होती.

शेवटच्या श्वासापाशी प्लेअरने टेप खाल्ली.

फीत बाहेर आली ती चुरगाळलेली, तुटलेली. तो श्वास गेला.

त्याने वाहाणेंचाच दुसरा एक श्वास तिथे चिकटवला. लावून पाहिलं. त्या जागी नुसती शांतता. मांडीवर गार्गी ताठ झाली. एक... दोन... चार... सहा... नऊ...

विहंगने माइक ओढला. "माझा घ्या," तो ओरडला. "तिला सोडा! माझा घ्या!" आणि छाती भरून चार सेकंद श्वास ओढला. तो तिथे ठेवला.

गार्गीने डोळे उघडले. पाणी मागितलं.

त्यानंतर तिला आजवर काही झालेलं नाही. संग्रह ठरल्या दिवशी बाहेर पडला. विहंग वाचला असं आम्हाला वाटलं.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. गंमत म्हणून मोबाइलवर तो शेवटचा तुकडा लावला. वाजवणं खरंच अंगावर काटा आणणारं. मग तो श्वास आला...

समोर विहंगचा कप हवेतच राहिला. छाती थांबली. डोळे माझ्यावर.

चार सेकंद. मग शेवटचा सूर लागला आणि तो बुडता बुडता वर आल्यासारखा धापा टाकायला लागला.

"कळलं?" तो म्हणाला. "कुठेही, कोणीही लावलं की होते असं."

गाडी चालवणं त्याने सोडलं आहे. जिने उतरताना कठडा धरतो. मी स्वतः प्रीतीकडे गेलो, हात जोडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जन्मभर माह्या बाबाले कोणी ऐकलं नाही," ती म्हणाली. "आता लोकं ऐकून राहिले, तं मी बंद करू? नाही जमत, दादा."

तिचा राग येतो. आणि तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही, याचा जास्त राग येतो.

नऊ हजार लोकांनी ऐकलंय. वाहाणे हे खरं आडनाव नाही. संग्रहाचं नाव विचारू नका, शोधू तर मुळीच नका.

हे लिहितोय तेव्हा विहंग माझ्यासमोर बसला आहे. पेपर वाचत होता.

आत्ता थांबला.

चार सेकंद झाले... परत थांबला. कोणीतरी पुन्हा पुन्हा तोच तुकडा लावतंय.

कोण आहे? बंद करा ते.