दाजींचा डबा

फ्युएल पंपाचा आजार कानाने ओळखावा, हे मला सासऱ्यांनी शिकवलं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा हा पंप मागे डिकीखाली असायचा. किल्ली फिरवली की भरभर टिकटिकायचा, पेट्रोल इंजिनापाशी पोचलं की मंदावायचा आणि पोट भरलं की गप्प. गप्प झालाच नाही, तर कुठेतरी गळती. वर्कशॉपमध्ये पंप उघडायचं काम माझं, कारण माझी बोटं बारीक. "हिला नवऱ्याची हाक ऐकू येत नाही, पण पंप शिंकला तरी कळतं," असं हे गिऱ्हाइकांना सांगायचे.

ताईने दाजींची गाडी ओढून आणवली, त्या दिवशी चांगलाच गारठा होता. त्याच गाडीतलं पेट्रोल एकदा आडरस्त्याला संपलं होतं. "बस, आलोच," म्हणून दाजी रिकामा डबा घेऊन चालत गेले, ते परतलेच नाहीत. ताई अंधार पडेपर्यंत गाडीत बसून होती. त्यानंतर कितीतरी वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. माहेरचं म्हणावं असं मला ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि अलीकडे तीही समोर बसून भलतीकडेच असायची. तिला जपायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

"विकायचीये का गं?" मी विचारलं.

"छे. फक्त चालू करून दे."

मी पंप उघडला. विजेचे पॉइंट चिकटलेले, आतला रबरी पडदा पापडासारखा कडक. पॉइंट घासले, पडदा बदलला, जाळी धुतली, पंप जागेवर बसवला. टाकीत नवं पेट्रोल ओतलं. तपासायची आमची रीत ठरलेली होती. इंजिनाकडची नळी सोडवून काचेच्या बाटलीत धरायची, म्हणजे धार दिसते. बाटली मी धरली, ह्यांनी किल्ली फिरवली.

पंप वाजू लागला. भरीव, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा आवाज.

बाटली कोरडी.

"हवा खातोय," हे म्हणाले.

"हवा खाणारा पंप असा वाजतो होय?"

मी नळीवरून बोटं फिरवली. कुठे थेंब नाही, जमिनीवर डाग नाही. ह्यांनी टाकीत पट्टी बुडवून पाहिली. पेट्रोल उतरत होतं. मग टिकटिक मंदावली आणि थांबली.

उघड्या नळीचं पोट कधी भरत नसतं.

ह्यांनी किल्ली काढली. बॅटरीची वायरही सोडवली. "तुझ्या कानांना आज सुट्टी दे," असं काहीतरी म्हणाले, पण गाडीकडे बघून नाही.

आम्ही चहाला बसलो. ताई कपाला हात शेकत होती. तेवढ्यात डिकीखालून पुन्हा आवाज आला. एक टिक. जरा थांबून आणखी एक. भांडं काठोकाठ भरताना आपण शेवटी थोडं थोडं ओततो, तसा.

ताईने कप खाली ठेवला.

"डबा भरला," ती म्हणाली.

"कुठला डबा?"

"आता निघतील ते. मला गाडीत बसायला हवं. मी तिथेच आहे, असं धरून येतील ना."

"ताई, पुरे झालं. घरी चल, दोघी जेवू." मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवला, लहानपणी मला शाळेच्या दारात पोचवून सोडवायची तसा.

ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसली. दार ओढलं. आतून खटका दाबला.

ह्यांनी दाराला किल्ली लावली. किल्ली फिरली. दार उघडलं नाही. दुसरंही नाही.

मी ताईच्या बाजूच्या काचेवर थापा मारत होते. ताई पाठमोरी होती, ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे वळलेली.

त्या रिकाम्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली.

विरली. पुन्हा धरली.

लांबून ओझं घेऊन चालत आलेल्या माणसाच्या धापेसारखी. आधी भरभर, मग संथ.

मग ताई माझ्याकडे वळली. रुसवा निघाल्यावर हसायची, तशी हसली. काचेला ओठ टेकतील इतकी जवळ आली आणि मला काहीतरी सांगू लागली. बराच वेळ सांगत होती.

तिच्या बाजूच्या काचेवर वाफ धरली नाही.