टाकीपाशी थांबणारी बस

त्या दिवशी सकाळी धुकं उतरलं, ते दुपार टळली तरी हटायचं नाव घेईना. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. अशा हवेत म्हाताऱ्या माणसानं घर सोडू नये. पण चष्म्याची काडी मोडली होती. बसवाले आजोबा ती बसवून घ्यायला बाजारात गेले आणि परतताना पाय दुखायला लागले म्हणून बिनड्रायव्हरच्या बसमध्ये चढले.

आजवर त्यांनी ते टाळलं होतं. या बसला रस्ता त्यांनीच शिकवला होता. नोकरीचे शेवटचे सहा महिने ते चालवत, आणि शेजारी बसवलेलं यंत्र त्यांचं बघून बघून शिके. पाण्याच्या टाकीपाशी थांबा नव्हता, तरी ते रोज तिथे गाडी उभी करत. बायको दवाखान्यातली झाडलोट आटपून तिथे वाट बघत असे. डेपोतले चिडवत, याच्या गाडीला टाकी दिसली की तहान लागते. एकदाच ते थांबले नाहीत. त्या दिवशी मोठे साहेब गाडीत होते. अंगात ताप असताना ती पावसात चालत घरी आली, आणि चौथ्या दिवशी गेली. तिची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पुढची खुर्ची रिकामी, आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. टाकीपाशी बस थांबली. दार उघडलं. माझीच खोड उचललीय, दुसरं काय, असं आजोबा मनाशी म्हणाले.

पण दार मिटेना. मग पायरीकडची बाजू जराशी दबली, कुणी चढल्यावर दबते तशी... ओल्या कपड्यांचा वास आला. मागच्या सीटवर कुणीतरी थकून टेकलं. तेव्हा कुठे दार मिटलं.

तीन वर्षं जे सांगायला जीव तळमळत होता, ते ओठांवर आलं.

"अगं..." एवढंच ते म्हणाले. पुढे जीभ रेटेना. मान वळवायचाही धीर झाला नाही. घराचा थांबा येताच दांडा धरून उतरले, आणि मागे न बघता चालू लागले. बस धुक्यात निघून गेली.

थांब्यासमोरच शेजारीण आपल्या दारात उभी होती. महिन्याभरापूर्वीच राहायला आलेली. आजोबांच्या घरात दुसरं माणूस तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

ती म्हणाली, "आजोबा, घाईत आजींना गाडीतच विसरलात का? केव्हाच्या काच ठोकत होत्या त्या... थांबवा म्हणत होत्या."