मिहिकाचा विभागपट

मनसंचय प्रयोगशाळेत ऋजुताने यंत्राला चकती नव्याने आखण्याची आज्ञा दिली. दिवा लागायला हवा होता कोऱ्या चकतीचा. लागला तो मिहिकाच्या चकतीचा.

"सर, मी 'चकती एक'च लिहिलं होतं! तीनदा तपासलं."

तावडेसरांनी पडद्याकडे पाहिलं. "एक म्हणजे जी आधी उत्तर देते ती. आज कोरी उशिरा जागी झाली."

पाच वर्षांच्या मिहिकाचा ताप मेंदूत गेला, तेव्हा तिचं मन त्या चकतीवर उतरवलं होतं. आता नवा मेंदू तयार होता, आणि त्याच्या जोडणीसाठी एक कोरी चकती आखायची होती. आपल्या मुलीला परक्याचा हात लागायला नको म्हणून ऋजुताने हे काम हट्टाने मागून घेतलं होतं.

"सगळं पुसलं गेलं?"

"नाही गं. चकतीच्या सुरुवातीला दोनच गोष्टी असतात. यंत्राला उठवणारी जागृती-संहिता, आणि कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे ते सांगणारा विभागपट. तू दोन्ही नव्याने लिहिलीस, कोऱ्या चकतीच्या मापाने. मिहिका आहे तशीच आहे. फक्त तिच्यातलं काय कुठे आहे, ते आता कुणालाच माहीत नाही."

"प्रत काढून शोधू या ना."

"मनाची प्रत निघाली असती तर एवढं जपलं असतं का आपण?"

"मग अंदाजाने आखा सीमा. नवा मेंदू आठवडाभरसुद्धा टिकणार नाही, सर."

सरांनी सीमा आखल्या आणि मिहिकाला जागं केलं. स्पीकर खरखरला.

"आई, किती अंधार केलायस गं! बाबा कुठेय?"

ऋजुता स्पीकरजवळ वाकली. "येतोय हं. आत्याच्या मांजरीचं नाव काय, सांग बघू?"

"इडली! बाबाच्या बुटात पिल्लं घातली तिने."

दोघंही हसली. तेवढ्यात मिहिकाने विचारलं, "बाबा म्हणजे कोण गं?"

सरांचा चेहरा उतरला. "नव्या आठवणींची जागा चुकली. ती जे ऐकते, बोलते, ते जुन्यावर लिहिलं जातंय."

"झोपवा तिला! आत्ताच्या आत्ता!"

"झोपताना जागेपणीचं सगळं एकदम लिहिलं जातं. काहीच उरणार नाही."

"वीजच तोडली तर?"

"अर्धवट लिहिलेलं मन पुन्हा उठत नाही."

"आपण गप्प बसलो तर?"

"तर अंधार लिहिला जाईल."

ऋजुताने खुर्ची पुढे ओढली. ती मिहिकाला तिच्या जन्माच्या दिवसाबद्दल सांगू लागली. दवाखान्याची हिरवी भिंत, इवल्याशा मुठी, आत्याने पहिल्यांदा घेतलेला पापा. पलीकडून मधूनमधून 'हं' येत होतं. मग तेही थांबलं.

"मिहिका?"

"काकू," पलीकडची मुलगी आदबीने म्हणाली, "तुमचा आवाज छान आहे. अजून बोला ना."

आणि ऋजुता बोलत राहिली.