बसलंय का बघ

लाईट गेलीच आहे, तर जवळ सरका पोरांनो. आष्ट्याकडच्या एका नदीकाठच्या गावातला कृष्णात नावाचा गडी माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. खोटं वाटलं तर खुशाल हसा.

सव्वीस जुलै दोन हजार चोवीस, शुक्रवार. कृष्णेला पाणी चढत होतं. गावच्या बोटीसाठी लाइफ जॅकेटं काढायला कृष्णात रात्री साडेआठला शाळेच्या खोलीत गेला. एकटाच.

पुरातलं बचावकाम शिकवायला आलेल्या साहेबांनी बजावलं होतं, मापाचं जॅकेट निवडा, मांड्यांमधला पट्टा आवळा आणि जोडीदाराला मागून खांदे धरून वर ओढून बघायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते ढिलं. पण गावच्या वाघांनी त्या पट्ट्याला ‘लंगोट’ नाव ठेवलं, मग लाजेनं कुणी बांधेना.

दोन हजार एकवीसच्या पुरात कृष्णातचा जोडीदार होता सिद्धू. बोटीत चढताना म्हणाला, “गड्या, बसलंय का बघ.”

कृष्णातनं हातसुद्धा लावला नाही. “लय झ्याक बसलंय. चल.”

बोट कलंडली. सिद्धूचं जॅकेट डोक्यावरून निघालं आणि तो गेला. वर हा शहाणा त्याच्या आईला, हरणाबाईला सांगून आला, “त्यानंच काढलं हुतं, काकू.” मेलेल्या मित्राच्या माथी दोष! मला अजून चीड येते.

तर त्या रात्री त्यानं जॅकेट चढवलं. पट्टाही बांधला. तेवढ्यात मागून कुणीतरी खांदे धरून वर ओढलं.

“कोण रं?”

पुन्हा ओढलं. टाचा उचलल्या.

“कोण… कोण हाय?”

कानाशी गार श्वास.

“तुजं बसलंय गड्या… माजं का न्हाई बगितलंस? …मी तुज्यावर इस्वास टाकला हुता.”

कृष्णात जॅकेटासकट पळाला, तो थेट हरणाबाईच्या दारात. “काकू, त्यानं काढलं न्हवतं. मीच बगितलं न्हाई… खोटं बोललो.”

म्हातारीनं दाराची चौकट धरली.

“तीन वर्सं मी माज्या लेकाला शिव्या दिल्या रं…”

तिनं दार लावलं. आतून कडी घातली. न जेवताच आडवी झाली.

सकाळी उठून तिनं भाकरीची दुरडी उघडली. कडी तशीच होती. घरात ती एकटीच.

रात्रीची भाकरी अर्धी खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यावर नदीच्या गाळाची बोटं उमटलेली… ओली.