अष्टमीचं दत्तविधान

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या बोळात नरहरपंत वकिलांची बैठक होती. पौषातल्या एका सकाळी तिथे आलेल्या बाईने पहिलाच प्रश्न असा विचारला, की वकिलांनी ओठाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला.

"वकीलसाहेब, मरणाऱ्या माणसाला तीनदा 'दिला' म्हणता येतं, तर बायकोचं नाव एकदा न्हाई घेता येत का?"

बाई तरणी होती. कपाळ पांढरं, मांडीवर तान्ही पोर. वाटूरहून बापाला घेऊन आली होती. बाप उंबऱ्याशी बसून होता.

"सुरुवातीपासून सांगा बाई," नरहरपंत म्हणाले.

तिचं नाव नंदाबाई. केदारखेड्याच्या बद्रीनाथची बायको. घरात थोरले दीर रखमाजी आणि जाऊ दुर्गाबाई. शेत एकत्र, चूल एकच. दुर्गाबाईच्या पोटी मूल टिकलं नव्हतं. नंदाबाई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी वाटूरला गेली, तेव्हा पाच वर्षांचा मच्छिंद्र दुर्गाबाईपाशीच राहिला. त्याला काकूचा लळा होता.

"भादव्याच्या अखेरीला निरोप आल्ता, धन्याच्या पायात वखराची लोखंडी पास घुसली म्हणून. विशेष न्हाई, लंगडत फिरून राह्यलेत, असं सांगितलं. मंग ही पोर झाली. मी बाळंतिणीच्या खोलीत, अन् दसऱ्यानंतर एकदम सांगावा आला की तापानं गेले. सुवेर फिटल्यावर मी गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, मच्छिंद्र आता तुझा न्हाई. अष्टमीला धन्यानं त्याला दत्तक दिला. भटजींसमोर तीनदा 'दिला' म्हणाले."

नरहरपंतांनी मान हलवली. कायदा त्यांना स्वच्छ दिसत होता. बाप वारल्यावर अज्ञान मुलाचा ताबा आईचा. पण दत्तक गेलेलं मूल दुसऱ्या घरचं होतं, त्याच्यावर जन्मदात्या आईचा हक्क उरत नाही. बाप एकट्याच्या मर्जीने मूल देऊ शकतो, आईला विचारायची गरज नाही. आणि मूल दत्तक गेलं म्हणजे बद्रीनाथ निपुत्रिक मेला. एकत्र कुटुंबातला त्याचा हिस्सा भावाकडे जाणार. विधवेला फक्त अन्नवस्त्र.

"म्हणजे एका अष्टमीत पोरगाही गेला आणि जमीनही," ते म्हणाले.

"जमिनीचं राहू द्या," नंदाबाई म्हणाली. "पोरगा पाहिजे मला. अन् ते शेवटच्याला काय बोलले ते पाहिजे. सात वर्षं संसार केला मी त्या माणसाशी. त्यानं माझं लेकरू उचलून दिलं अन् माझी आठवणही काढली न्हाई, हे डोक्यात घेऊन मी कशी जगू?"

कोपऱ्यात लोडाला टेकून एक माणूस इतका वेळ फुटाणे खात बसला होता. तो भालचंद्र. निजामाच्या पोलिसात अमीन होता. वरच्यांशी पटेना म्हणून नोकरी सोडली आणि आता वकिलांसाठी खासगी तपास करायचा.

"दत्तविधानात मुख्य काय असतं, नरहर?" त्याने विचारलं.

"प्रत्यक्ष देणं-घेणं. बापाने मूल हाती द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. बाकी विधी कमीजास्त झाले तर चालतात. हे राहिलं तर दत्तक नाही."

"मग तेवढंच बघून येऊ," भालचंद्र उठला. "बाई, तुम्ही बरोबर चला. वडील इथेच थांबू देत."

*

बैलांच्या दमणीतून केदारखेड्याला पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. रखमाजीच्या घरासमोर, गल्लीपलीकडे देवीचं देऊळ होतं, आणि देवळाला लागून धर्मराज गुरवाचं घर. नंदाबाईला त्यांनी तिथेच बसवलं. ती खिडकीशी गेली आणि समोरच्या अंगणाकडे बघत उभी राहिली. अंगण रिकामं होतं. तिथे दोरीवर एक लहानसा सदरा वाळत होता. तिची नजर त्यावरून हलेना, तसे नरहरपंत बाहेर ओट्यावर आले.

धर्मराज वातीसाठी कापूस पिंजत होता. भालचंद्र त्याच्याजवळ टेकला.

"यंदा नवरात्र जोरात झालं असेल?"

"कशाचं, साहेब. संबळ वाजला न्हाई, घंटेला फडकं बांधलेलं. घटस्थापनेला रखमाजी पाटील स्वतः हात जोडून आले. म्हणाले, बद्रीला ताप हाय, आवाज बिलकुल सहन होईना. दसऱ्याच्या पहाटे बद्री गेला. तवर देवी मुकीच होती."

"तुम्ही भेटलात त्याला?"

"कुणालाच आत सोडत नव्हते."

"आणि अष्टमीला दत्तविधान झालं, ते?"

"नंतर कळलं, साहेब. आजारी माणसाच्या घरात गाजावाजा कोण करतं, म्हणून आम्हीबी काही बोललो न्हाई."

दत्तविधान केलेले श्रीपतीभट गावाच्या वरच्या आळीला राहत. वृद्ध, कृश, सोवळ्यातले गृहस्थ. ते सगळं नीट सांगत होते, पाठ केल्यासारखं.

"अष्टमीचा दिवस, दुपारची वेळ. त्यांच्या खाटेपाशीच होम केला. बद्रीनाथांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं आणि मग रखमाजींच्या ओटीत घातलं. तीनदा म्हणाले, दिला."

"आवाज क्षीण असेल?" भालचंद्राने विचारलं.

"छे, स्पष्ट. दारापर्यंत ऐकू गेला असता."

रस्त्यात नरहरपंत म्हणाले, "भटजी विकला जाणारा माणूस वाटत नाही. उलटतपासणीत टिकेल. माझ्या मते बाईंच्या अन्नवस्त्रावर जोर द्यावा."

"फुटाणे घे," भालचंद्र म्हणाला.

रखमाजी पाटील ओसरीवर भेटला. थोराड, थकलेला चेहरा. वकील आलेत म्हटल्यावर त्याने भांडण उकरलं नाही. घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि स्वतःहूनच बोलला.

"वकीलसाहेब, अदालतीची पायरी कशाला? बद्रीचा हिस्सा मी नंदीच्या नावावर करून देतो. काळ्या रानाचा तुकडा तिला घेऊ द्या, मी मुरमाड घेतो. फक्त पोरगं आमच्याजवळ राहू द्या."

नरहरपंतांचे डोळे चमकले. त्यांनी भालचंद्राकडे पाहिलं. याहून चांगली तडजोड कोर्टात मिळाली नसती. भालचंद्र मात्र पाटलाकडे जरा नवलाने पाहत होता.

"बद्रीनाथ कुठे निजायचा ते बघता येईल?"

खोली लहान होती, एकच झरोका. झरोक्याच्या चौकटीला सभोवती खिळे मारलेले होते आणि एका खिळ्याला काळ्या लोकरीचे धागे अडकले होते. दारात दुर्गाबाई येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर मच्छिंद्र होता. एवढा मोठा मुलगा, पण तिने त्याला खाली सोडलं नव्हतं.

"इथे घोंगडी ठोकली होती का, बाई?"

"व्हय. उजेड सहन होईना त्यांना."

"आजारात खायला काय देत होता?"

"दूध. कापसाचा बोळा भिजवायची अन् थेंब थेंब पिळायची. रातदिस मीच बसलेली." तिचा आवाज जड झाला. "दिरासारखा दीर न्हाई, लेकासारखा होता मला. मी या घरात आले तवा एवढासा होता."

नरहरपंतांना तिची दया आली. भालचंद्राने मुलाच्या पाठीवर हात ठेवला, काही विचारलं नाही, आणि बाहेर येऊन म्हणाला, "पाटील, भटजींना बोलावणं धाडा. नंदाबाई समोरच आहेत, त्याही येतील. सगळ्यांसमोर बोलतो."

*

ओसरीवर सगळे बसले. रखमाजी खांबाला टेकून, श्रीपतीभट पाटावर, दुर्गाबाई आतल्या दाराशी मुलाला पोटाशी धरून. नंदाबाई तान्ह्या पोरीला घेऊन पायरीवरच बसली. मच्छिंद्राने आईकडे एकदा पाहिलं आणि तोंड काकूच्या पदरात लपवलं. नंदाबाईने ओठ दाबून धरले.

"पाटील, तुमचा भाऊ तापाने गेला नाही," भालचंद्र म्हणाला.

रखमाजीने मान वर केली.

"पायात वखराची पास घुसली. त्याला काही दिवस होतात न होतात तोच तो अंथरुणाला खिळला. त्याला उजेड सोसेना, म्हणून झरोक्याला घोंगडी ठोकली. आवाज सोसेना, म्हणून तुम्ही देवीचा संबळ बंद करवलात आणि घंटा बांधलीत. तापाच्या माणसाला असं करतात का? आणि दूध. तापाचा माणूस वाटीने दूध पितो, निदान चमच्याने पितो. बोळा पिळून थेंब थेंब कधी घालतात? दात उघडत नसतील तेव्हा. बद्रीनाथला धनुर्वात झाला होता."

नरहरपंतांना एकेक गोष्ट आठवत गेली. सगळं त्यांनीही ऐकलं होतं, पाहिलं होतं. खिळे, बोळा, मुकी देवी. आणि यातलं काहीच त्यांना दिसलं नव्हतं.

"धनुर्वातात दातखिळी बसते. अंग कमानीसारखं ताठतं. नुसता कुणाचा हात लागला, उजेडाची तिरीप आली, तरी झटके येतात. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत तो असा पडून होता. आणि भटजीबुवा, ऐन अष्टमीला तुम्ही त्याच्या खाटेपाशी होम पेटवलात म्हणता. तो भिंतीला टेकून बसला म्हणता. पाच वर्षांचं पोर मांडीवर घेतलं, उचलून भावाला दिलं, आणि स्पष्ट आवाजात तीनदा बोलला. यातली एकही गोष्ट त्या माणसाला करता येत नव्हती. वकीलसाहेबांना विचारा. हाताने देणं झालं नाही तर दत्तक झालं नाही."

"नाही," नरहरपंत म्हणाले. "बिलकुल नाही."

श्रीपतीभटांनी डोळे मिटले. "दुर्गाबाईंनी पाय धरले माझे," ते पुटपुटले. "प्रत्येक खेपेला त्यांच्या ओटीभरणाचा मुहूर्त मीच काढून दिला होता. प्रत्येक पाळणा रिकामा झालेला पाहिला. बद्रीनाथ गेला होता, आता कुणाचं काय जातंय, असं मनाला समजावलं. माझं चुकलं."

"मला आधी वाटलं, हे जमिनीसाठी केलं," भालचंद्र म्हणाला. "मग पाटलांनी काळं रान देऊ केलं. जमिनीसाठी दत्तक रचणारा माणूस जमीन कशाला सोडेल? तेव्हा कळलं, या घरात कुणाला तरी फक्त पोरगं हवं होतं."

रखमाजीने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"ताप म्हणून सांगितलं ते नंदीसाठी," तो खाली बघत म्हणाला. "ती ओली बाळंतीण. धनुर्वाताचं नाव वाटूरला पोचलं असतं तर ती तशीच उठून आली असती, अन् तिचंच बरंवाईट झालं असतं. तिथवर माझं मन साफ होतं. पुढचं बायकोनं म्हटलं अन् मी न्हाई म्हणालो न्हाई. रात्री ती पोराला कुशीत घेऊन झोपायची, तेव्हा पहिल्यांदा तिला शांत झोप लागलेली पाहिली मी."

दुर्गाबाई रडत नव्हती. ती मुलाच्या केसांतून हात फिरवत होती.

"जाऊबाई," नंदाबाई म्हणाली, "मला एकच सांगा. दातखिळी बसायच्या आधी ते काही बोलले का?"

दुर्गाबाईचा हात मुलाच्या केसांत थांबला.

"पहिल्या दिशी जबडा आवळत चालला, तेव्हाच त्यांना समजलं," दुर्गाबाई म्हणाली. "मला जवळ बोलावलं. म्हणाले, नंदी येईस्तोवर पोराला सांभाळ, वहिनी. अन् मंग नुसतं नंदी, नंदी. तोंड मिटलं तरी डोळे दाराकडंच होते. कुणी आलं की बघायचे, अन् तू नसली की मिटून घ्यायचे." तिने मुलाला आणखी जवळ ओढलं. "तुला कसं सांगू? ते सांगितलं असतं, तर पोराला द्यावं लागलं असतं."

नंदाबाईने तान्ह्या पोरीच्या डोक्यावर तोंड टेकलं आणि तिचे खांदे हलू लागले. एवढ्या महिन्यांत तिने हे रडणं अडवून धरलं होतं, हे नरहरपंतांना समजलं. ते उठून अंगणात गेले आणि उगाच दमणीच्या बैलांना हात लावत उभे राहिले.

दावा लावायची गरज पडली नाही. रखमाजीने चार माणसांसमोर दत्तक झालं नसल्याचं सांगितलं. बद्रीनाथचा हिस्सा मच्छिंद्राचा, आणि तो कळता होईपर्यंत आई त्याची पालक, असं ठरलं. श्रीपतीभटांनी देवीपुढे जाऊन तेच सांगितलं.

निघताना खरा प्रसंग आला. मच्छिंद्र काकूला सोडेना. त्याने तिचा पदर मुठीत धरला आणि हंबरडा फोडला. रखमाजी ओढायला पुढे झाला, तर दुर्गाबाईनेच त्याला हाताने थांबवलं. तिने पोराचं एकेक बोट सोडवलं, त्याला दमणीत बसवलं आणि नंदाबाईला म्हणाली, "झोपताना त्याला जवळ निजणाऱ्याचा कान धरायला लागतो. त्याबिगर डोळा लागत न्हाई. गेल्या पावसाळ्यापासनं लागलीय ही सवय. तुला ठाऊक नसंल."

"न्हाई, ठाऊक नव्हतं," नंदाबाई म्हणाली. थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "संक्रांत झाली की त्याला घेऊन येते. घर माझंबी हाय."

दुर्गाबाईने मान हलवली. तिच्या हातांना आता काही काम उरलं नव्हतं. ते तिने पदरात गुंडाळून घेतले.

परतीच्या वाटेवर मच्छिंद्र बराच वेळ मुसमुसत राहिला. भालचंद्राने फुटाण्याची पुडी पुढे केली, ती त्याने झिडकारली. आईच्या अंगाला अंग लागू नये म्हणून तो दमणीच्या कडेला चिकटून बसला होता. दिवस कलला, वारा गार झाला, तसं त्याचं डोकं डुलू लागलं. अर्धवट झोपेत त्याचा हात वर आला आणि हवेत चाचपडू लागला.

नंदाबाईने पदर मागे सारला आणि मान खाली वाकवली. इवलीशी बोटं तिच्या गालावरून फिरली, केसांत अडखळली. अनोळखी कान लागताच बोटं क्षणभर मागे झाली. नंदाबाई श्वास धरून तशीच वाकून राहिली.

मग बोटांनी कान धरला.