रिकाम्या चौकटीतला फोटो

"काका, मावशीचा मेल आलाय! उघडा ना!" बडबडी ओरडली.

बडबडी आणि तिचा मावसभाऊ चष्मिस सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी टेकडीवर जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यांची इंजिनिअर होती. आज ती वरचा मनोरा तपासायला चढली होती, आणि ही दोघं खालच्या कचेरीत तिची वाट पाहत होती.

मॅनेजरकाकांनी मेल उघडला. 'फोटो बघा. ताबडतोब थांबवा!' एवढंच लिहिलं होतं. खाली रिकामी चौकट आणि तिच्यात फुली!

"फोटोच नाही! काय थांबवू, कपाळ?" काका वैतागले. "तुझ्या मावशीचं सगळंच ताबडतोब असतं!"

"फोन लावा ना!"

"वर रेंज येते-जाते. येईल संध्याकाळी, तेव्हा विचारू." काका चहा घ्यायला बाहेर गेले.

बडबडीने खिडकीतून पाहिलं. तिचे आजोबा आणि धाकटी बहीण चिऊ पाळण्यात बसत होते!

"चष्म्या, काहीतरी कर!"

चष्मिसने माउस धरला. मेलच्या वर पट्टी होती : 'चित्रे रोखली आहेत.' त्याने 'दाखवा'वर टिचकी मारली. चौकट तशीच!

"फोटो आलाच नसेल," बडबडी रडवेली झाली.

"आलाय! ही पेपरक्लिपची खूण बघ, फाइल जोडली आहे. फाइल चांगली मोठी आहे. म्हणजे फोटो आहे, पण या प्रोग्रामला दाखवता येत नाहीये." त्याने ती उतरवून घेतली. उघडेना! नाव होतं नुसतं 'चाक'.

"शेवटचं डॉट जेपीजी गळलंय! हा फोटो आहे हे कॉम्प्युटरला कळणार कसं?"

"मग लिही ना, दिवट्या!"

बाहेर घरघर सुरू झाली. पाळणा निघाला! घाईत चष्मिसने 'जीपीजी' लिहिलं. खोडलं. मग नीट 'जेपीजी' लिहिलं.

फोटो उघडला. पोलादी दोर वरच्या मनोऱ्यातल्या चाकाच्या खाचेतून अर्धा बाहेर आला होता, आणि त्याच्या तारा उसवल्या होत्या!

"काका!" बडबडी जीव खाऊन ओरडली. काका धावत आले, पडद्याकडे बघून पांढरेफटक पडले आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

पाळणा हवेत झुलत थांबला. चिऊचं रडणं खालपर्यंत ऐकू येत होतं. "मनोऱ्यापर्यंत पोचला नाही ना?" चष्मिसने विचारलं. "नाही, थोडक्यात वाचला," काका म्हणाले. मग त्यांनी हळूहळू, अगदी हळूहळू पाळणा मागे आणला. आजोबांचे पाय जमिनीला लागेपर्यंत बडबडीने चष्मिसचा हात सोडला नाही.

तेवढ्यात मावशी टेकडीच्या पायऱ्यांवरून धापा टाकत उतरली. थांबलेला पाळणा पाहून ती मटकन खालीच बसली.

"फोटो मिळाला तर!"

"या पोरांनी शोधला," काका मान खाली घालून म्हणाले. "मी चहा पीत होतो."

"शाब्बास रे माझ्या वाघांनो!" आजोबांनी दोघांना कवेत घेतलं, आणि इतका वेळ धीर धरलेली बडबडी हमसून हमसून रडू लागली.

काकांनी यंत्राची किल्ली काढून मावशीच्या हातात दिली. "आता तुम्ही म्हणाल तेव्हाच सुरू करायचं."